तानसाचं पाणी, मोहाचं फूल

बिअर पारखणाऱ्या परीक्षकापुढे एक कागद असतो. एकूण गुण ५०. त्यातले १२ वासाला, ३ रूपाला, २० चवीला, ५ पेय तोंडात कसं जाणवतं याला आणि उरलेले १० सगळं मिळून काय वाटलं याला. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ने ही वाटणी रूढ केली. ४५ किंवा त्याहून वर गेलेली बिअर असामान्य, २१ ते २९ मध्ये अडकलेली बरी, १३ किंवा त्याखाली घसरलेली सदोष. बिअर कोणी बनवली हे परीक्षकाला सांगत नाहीत. टेबलावर दोघे-तिघे बसतात, छोट्या पेल्यातून चव घेतात, कोणाशी न बोलता आपापला कागद भरतात आणि मगच तोंड उघडतात. मला या रिवाजातला हा मौनाचा भाग फार मोलाचा वाटतो. आधी बोलणारा माणूस बाकीच्यांच्या जिभेवर बसतो.

या नियमावलीत ३० क्रमांकाचा वर्ग मसालेदार बिअरचा आहे आणि त्यातला ‘३० सी’ हा उपवर्ग हिवाळ्याच्या हंगामी बिअरचा. गडद रंग, माल्टचा भरदार गोडवा, नेहमीपेक्षा चढा मद्यार्क आणि दालचिनी, लवंग, जायफळ, आलं, संत्र्याची साल असा मसाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ पासून नाताळासाठी खास बिअर काढायला सुरुवात केली. तिच्या लेबलावर दर वर्षी वेगळं झाड असे. मसाला कोणता, किती, हे नियमावली ठरवून देत नाही. अट एवढीच की मसाला कळला पाहिजे, आणि त्याखालची बिअरही कळली पाहिजे.

ही अट मराठी जिभेला नवी नाही. बासुंदीत जायफळ जरा जास्त उगाळलं गेलं तर आपल्याकडे पाचवीतलं पोरही वाटी बाजूला सारतं. जायफळ आणि दालचिनी या दोन्हींची लागवड कोकणात होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जायफळाची ‘कोकण सुगंधा’ आणि दालचिनीची ‘कोकण तेज’ या जाती काढल्या, त्याला बरीच वर्षं झाली. क्राफ्ट बिअरचं वारं मात्र आपल्याकडे उशिरा आलं. पुण्यात ‘डूलाली’ २००९ मध्ये सुरू झाली, मुंबईत लोअर परळला ‘बार्किंग डिअर’ २०१३ मध्ये, आणि मग आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या डोंबिवलीत ‘गेटवे ब्रुइंग’. आता डिसेंबर आला की शहरातल्या फळ्यांवर खडूने ‘विंटर स्पेशल’ लिहिलेलं दिसतं.

अशी एक बिअर मी कागद समोर ठेवून, सावकाश प्यायले. जागेचं नाव इथे महत्त्वाचं नाही. पेला फ्रीजमधून काढून लगेच ओठाला लावायचा नसतो. गडद, चढ्या बिअरला १० ते १३ अंश सेल्सिअसची ऊब लागते, त्याहून गार असेल तर वास आतच गोठून राहतो. तळहातांत पेला धरून बसले. आधी वास. पहिल्या हुंगण्यात लवंग आली, ठसठशीत. इथे परीक्षक थांबतो, कारण लवंगेचा वास दोन वाटांनी येऊ शकतो. एक वाट भांड्यात घातलेल्या लवंगेची. दुसरी यीस्टची: जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये वापरतात तसल्या काही यीस्ट एकही लवंग न घालता लवंगेचा गंध तयार करतात. रानटी यीस्ट शिरली तरी असाच गंध येतो, मग तो दोष ठरतो. या पेल्यात वासामागोमाग जिभेच्या टोकाला किंचित बधिरपणा आला. ती खरी लवंग.

मग घोट. वाइनचे परीक्षक थुंकतात, बिअरचे गिळतात, कारण कडवटपणा घशापाशी उशिरा येतो आणि तो किती वेळ राहतो हेही मोजायचं असतं. माल्टचा करपट गोडवा होता, करवंदी तपकिरी रंगाला शोभेसा. दालचिनी मात्र फार वेळ उकळलेली असावी. तिचा सुगंध उडून गेला होता आणि सालीतला तुरटपणा तेवढा मागे उरून दातांवर चढत होता. मसाला उकळीच्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत घालावा किंवा बिअर आंबून झाल्यावर त्याचा अर्क थेंबाथेंबाने मिसळावा, हे सगळे जाणते ब्रुअर सांगतात. इथे ते पाळलेलं नव्हतं. लोण्यासारखा वास, कच्च्या सफरचंदाचा वास, ओल्या पुठ्ठ्याचा वास हे नेहमीचे दोष नव्हते. हात स्वच्छ होता, मापं चुकली होती. मी ३१ गुण दिले. तो पेला वाईट नव्हता. पण तो कुठलाही असू शकला असता, पोर्टलंडचा किंवा प्रागचा. त्यात इथलं म्हणावं असं काही नव्हतं.

एक गोष्ट सोडून. पाणी.

बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, आणि मुंबईत गाळल्या जाणाऱ्या बिअरचं पाणी शहापूरचं असतं. तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत, मोडकसागर आणि मध्य वैतरणा त्याच्या वेशीवर. मुंबईला लागणाऱ्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातशाचा. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीची तहान बारवीच्या भरवशावर भागते, आणि बारवीच्या पाणलोटात मुरबाड तालुक्याची गावं आहेत. सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून वाहून आलेलं हे पाणी मऊ असतं, त्यात क्षार थोडे. डब्लिनची काळी बिअर तिथल्या चुनखडीच्या पाण्यामुळे तशी झाली, इंग्लंडमधल्या बर्टनची कडवट बिअर तिथल्या जिप्समयुक्त पाण्यामुळे. आपल्या मऊ पाण्याने हलकी, फिकट बिअर सहज जमते. गडद हिवाळी बिअरसाठी ब्रुअरला त्यात मोजून क्षार घालावे लागतात. म्हणजे मुंबईतल्या प्रत्येक पेल्यात शहापूर असतंच, फक्त ते कोणाच्या कागदावर नोंदलं जात नाही. आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच शहापूरच्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावतात. कसाऱ्याच्या बाजूला उन्हाळ्यात गेलेल्या कोणालाही हे दिसतं.

तानसा धरणाचं पाणी मुंबईला मिळू लागलं १८९२ मध्ये. त्याच वर्षी मुंबई इलाख्याने एक कायदा केला, १८९२ चा मोह कायदा. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करणं, बाळगणं, नेणं यावर त्याने बंधनं आणली. आधी १८७८ चा अबकारी कायदा होताच. गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू मोजक्या ठिकाणी, ठेकेदारांच्या हाती आणायची, म्हणजे कर वसूल करणं सोपं जातं, हे त्यामागचं धोरण. उरणला मोठ्या भट्ट्या उभ्या राहिल्या. त्यांना लागणारा मोह गुजरातच्या पंचमहालातून येत असे. ठाण्याच्या रानात मात्र झाडाखाली पडलेलं फूल उचलणाऱ्या ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी बाईला सरकारची भीती बाळगावी लागली. एकाच वर्षी या डोंगरातलं पाणी नळातून शहरात गेलं आणि या डोंगरातलं फूल गुन्ह्याच्या यादीत गेलं. मी या भागात फिरू लागल्यापासून ही जुळणी माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

मोहाचं झाड शहापूर-मुरबाडला कोणी लावत नाही. ते शेताच्या बांधावर, रानात असतं आणि कोणतं झाड कोणाच्या घरचं हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक असतं. फाल्गुन-चैत्रात पानं झडतात, फांद्यांच्या टोकांना तांबूस कोंब येतात आणि फुलांचे घोस लागतात. फुलं रात्री गळतात. पहाटे उठून बायका आणि पोरं टोपल्या घेऊन जातात, कारण ऊन चढलं की फूल मऊ पडतं आणि गुरं, हरणंही वाट बघत असतात. फूल म्हणजे पाकळ्यांचा एक मांसल, फिक्या साईच्या रंगाचा मणी. दोन बोटांत धरून दाबलं तर चिकट रस सुटतो. वास गोड आणि जड, पहिल्यांदा घेणाऱ्याला उग्र वाटेल असा. आतले पुंकेसर झटकून टाकले की तोंडात घालता येतं. आधी गोड, मागून किंचित कडसर. अंगणात पसरून तीन-चार दिवस कडक वाळवलं की ते आक्रसतं, तांबडं-तपकिरी होतं आणि वास बदलतो. आता त्यात मनुका असते, खजूर असतो, जरासा धूर असतो. निम्म्याहून जास्त वजन निव्वळ साखरेचं. दुष्काळात याच फुलाने पोटं भरली. भाजून, शिजवून, पिठात मळून ते खाल्लं जाई.

आणि दारू, अर्थातच. मुरबाडकडच्या एका पाड्यावर एका वयस्क ठाकूर बाबांशी बोलत होते. नाव लिहू नका म्हणाले, ते साहजिकच आहे. पूर्वी चांगला माल कसा ओळखायचे, एवढंच मी विचारलं होतं. त्यांनी सुरुवात दारूपासून केली नाही, फुलापासून केली. फूल पुरतं वाळलं नसेल तर भिजवताना कुबट होतं. पावसात भिजून पुन्हा वाळवलेलं असेल तर काळवंडतं आणि आंबटाई येते. वाळूत पडलेलं असेल तर दाताखाली कचकचतं. मग मडक्यात भिजत घातल्यावर फेस कधी चढतो, कधी बसतो आणि वासातली गोडी कधी जाते यावरून ते किती आंबलं हे ठरायचं. दिवस मोजून नाही, कारण थंडीत आंबायला वेळ लागतो. चुलीला जाळ मंद हवा. जाळ मोठा झाला की बुडाला करपतं आणि करपट वास शेवटच्या थेंबापर्यंत जात नाही. पहिल्या धारेचा थेंब तळहातावर घ्यायचा, चोळायचा, हुंगायचा. बाटली हलवून बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघायचं. जमिनीवर थेंब वाहिल्याशिवाय कोणी पेला तोंडाला लावत नसे.

ऐकताना मला तो ५० गुणांचा कागद आठवत होता. कच्च्या मालाचे दोष, आंबवण्यातले दोष, आचेचे दोष हे सगळं क्रमवार तिथे होतं. वास आधी, रूप मग, चव शेवटी, हेही होतं. कागद नव्हता आणि गुण देणारी संस्था नव्हती. शहरातला परीक्षक जे शिकायला पैसे भरून परीक्षेला बसतो, सहा बिअर दीड तासात पारखून दाखवतो, त्या जातीचं ज्ञान इथे घरात होतं. ते एका कायद्याने चोरट्या अंधारात ढकललं. जे उघड्यावर करता येत नाही ते चांगलं करण्याची ईर्षाही हळूहळू मरते. मग फुलाच्या जागी काळा गूळ आणि नवसागर येतो, वेळेच्या जागी घाई येते. हातभट्टी म्हणून आज जे विकलं जातं त्याचा त्या बाबांच्या आठवणीतल्या मोहाशी काही संबंध उरलेला नाही. ते स्वतः आता पीत नाहीत.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगितली पाहिजे. पेटवून निळी ज्योत आली म्हणजे दारू चांगली, ही समजूत जीवघेणी आहे. मिथेनॉल जिभेला कळत नाही, नाकाला कळत नाही, आणि तेही पेटतं. मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये शंभराहून अधिक माणसं मेली. त्याआधी विक्रोळीने २००४ मध्ये असाच आकांत पाहिला. तिथे कोणाची जीभ कमी पडली नव्हती. मिथेनॉल प्रयोगशाळेतच सापडतं. जिभेचा मान मी कितीही राखला तरी तिच्या मर्यादेचा हा दगड मधोमध आहे, आणि परवाना, तपासणी, शिक्का यांची बाजू मी घेते ती त्यामुळे.

बायकांची बाजू वेगळी आहे आणि ती जुनी आहे. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरून देवीची चळवळ निघाली आणि डोंगरातून दक्षिण गुजरातपर्यंत पसरली. अंगात येणाऱ्या देवीच्या तोंडून आदिवासींनी एकमेकांना दारू-ताडी सोडायला सांगितलं आणि ठेकेदारांच्या गुत्त्यांवर बहिष्कार घातला. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. पुढे महाराष्ट्रात गावोगावच्या बायकांनी बाटली आडवी करायला मतदान केलं, ते याच धाग्यातलं. शहापूरच्या बाजूला मी मोहाच्या बिअरची कल्पना काढली तेव्हा बायकांच्या घोळक्यात शांतता पसरली. मग एकीने विचारलं, त्याचा गुत्ता आमच्या पाड्यावर येणार का? दुसरीला फुलाच्या भावाची चिंता होती. दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर देताना पहिला विसरून चालणार नाही.

कायद्याची बाजू या काही वर्षांत हलली आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची बंधनं उठवली. १८९२ पासून जवळजवळ एकशे तीस वर्षं. गोव्यात डेसमंड नाझरेथ यांनी २०१८ मध्ये मोहाचं मद्य बाटलीत आणलं, मध्य प्रदेशाने मोहाला वारसा-मद्याचा दर्जा देऊन अलिराजपूरला आदिवासी गटाकडून ते गाळून घेतलं, आणि आपल्याच शेजारी डहाणूच्या साऊथ सीज डिस्टिलरीजने २०२४ मध्ये ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ काढली. ठाण्याच्या रानातल्या फुलाला शहरात मोल आहे हे आता कोणाला पटवून द्यायची गरज नाही. त्या मोलातलं किती फूल वेचणारीच्या पदरात पडतं, हा खरा हिशेब आहे.

तर हिवाळ्याची बिअर. मोह तिच्यात बसतो, अगदी नेमका बसतो असं माझं मत आहे. फूल चैत्रातलं, पण वाळलेलं फूल पौषापर्यंत घरात राहतं, तेव्हा ऋतूची अडचण नाही. सुक्या फुलातला मनुका-खजुराचा वास गडद माल्टच्या जातीचाच आहे, आणि सुंठ किंवा जायफळाची हलकी साथ त्याला पुरते. दालचिनी-लवंगेची गर्दी करू नये. ब्रुअरने एक धोका ओळखला पाहिजे. चाखताना फूल इतकं गोड लागतं की बिअरही गोड होईल असं वाटतं. तसं होत नाही. फुलातली साखर यीस्ट जवळजवळ सगळी खाऊन टाकते. वास उरतो, मद्यार्क वाढतो, अंग मात्र पातळ पडतं. म्हणून माल्ट वाढवावा लागतो, थोडा असा की ज्याची साखर यीस्टला पचत नाही. गोडी जाते, वास राहतो, हे त्या ठाकूर बाबांनी मला पाठ्यपुस्तकातला एकही शब्द न वापरता सांगितलं होतं. पुण्याच्या ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ने मीठ घातलेल्या कोकमाची बिअर जमवून दाखवली आहे, म्हणजे रानमेवा आपल्या ब्रुअरना अवघड नाही.

पण बिअरच्या आधी फुलाची परीक्षा हवी, आणि तीत दारूचा एक थेंबही लागत नाही. कॉफीच्या बागायतीत बिया भाजून, गरम पाण्यात उतरवून, चमच्याने चाखून प्रत ठरवतात. चहाचे लिलावही चाखणाऱ्याच्या जिभेवर चालतात. मोहफुलाचं तसंच करता येईल. मोजलेलं सुकं फूल, मोजलेलं कढत पाणी, झाकण ठेवून काही मिनिटं, आणि मग पाड्यापाड्यांच्या फुलांचे पेले नाव न सांगता ओळीने. परीक्षक वेचणाऱ्या बायकाच असाव्यात. त्यांच्याइतकी ही चव कोणाला कळत नाही आणि दारूला विरोध करणाऱ्या बाईलाही या टेबलावर बसायला हरकत नाही.

याला कायद्याचं पाठबळ आहे. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे दिली आहे, आणि मादक पदार्थांची विक्री बंद करायची, रोखायची की तिला शिस्त लावायची हा अधिकारही. म्हणजे फूल कोणाला विकायचं आणि गुत्ता येऊ द्यायचा की नाही, हे दोन्ही निर्णय एकाच सभेत, एकाच दिवशी घेता येतात. फूल शहरातल्या ब्रुअरीला जाईल आणि पाड्यावर दारूचं दुकान येणार नाही असा ठराव पूर्ण कायदेशीर आहे. शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना विकण्याचं काम वनधन केंद्रातून उभं केलं आहे. साठवण, वजन, प्रत, पावती यांची सवय तिथे झालेली आहे.

त्या परीक्षेचा कागद मी मनाशी आखून बघते. वासाला सर्वांत जास्त गुण, कारण बिअरमध्ये शेवटी तोच उरतो. मग वाळवण: फूल मुठीत दाबून सोडलं तर एकमेकांना चिकटून गोळा होतं की सुटं राहतं. मग स्वच्छता, वाळू आणि पुंकेसर. झाडाखालचा पाला जाळून वेचलेल्या फुलाला धूर लागतो, त्याचे गुण कापावेत. तेवढ्याने काही वणवे तरी कमी होतील. चैत्रातल्या अवकाळी पावसात सापडलेल्या फुलासाठी वेगळा रकाना हवा. ते पहिल्या प्रतीचं ठरणार नाही, पण अंगणभर पसरलेलं वाळवण एका संध्याकाळच्या सरीने गेलं म्हणून त्या घरची सगळी मेहनत मातीमोल ठरू नये. त्याला दुसऱ्या प्रतीचा ठरलेला भाव असावा, आणि तो वेचणीच्या आधी, होळीच्या सुमारास, ग्रामसभेच्या फळ्यावर लागलेला असावा.